बारा शनिवार : सातपूरच्या समाजमंदिरातील व्यसन व जुगार प्रतिबंध वर्गाचे परीक्षण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या वस्तीत १५ नोव्हेंबर २०२५ पासून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत, ओळीने बारा शनिवार, एका स्वयंसेवी संस्थेने व्यसन आणि जुगार यांना घरात शिरण्याआधीच आळा घालावा या हेतूने कुटुंबांचा वर्ग चालवला. वर्ग समाजमंदिरात सायंकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत भरत असे. कुटुंबामागे एकंदर २०० रुपये शुल्क होते आणि त्यात पुस्तिका, चहा व मुलांचा खाऊ आला. सुरुवातीला ३१ कुटुंबांनी नावे दिली होती. शेवटच्या शनिवारी २२ उरली. मी एकही शनिवार चुकवला नाही. अशा उपक्रमाचा उपयोग झाला की नाही हे समारोपाच्या टाळ्यांवरून ठरवता येत नाही, म्हणून काही महिने जाऊ दिले आणि आता लिहीत आहे. संस्थेचे आणि वस्तीचे नाव देत नाही, कारण वर्गात कोण आले आणि काय बोलले हे बाहेर सांगायचे नाही असे आम्ही सर्वांनी कबूल केले होते, आणि नाव दिले तर माणसे सहज ओळखू येतील.

मी स्वतः २६ वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम केले. दारूपायी बुडत चाललेले घर आम्हाला त्या खिडकीतून ओळखू येत असे. अर्जदाराच्या हाताला कंप असे, बायको खाली मान घालून बाजूला उभी असे आणि जामीनदार मिळता मिळत नसे. जुगारापायी बुडणारे घर मात्र मला एकदाही वेळेवर ओळखता आले नाही. तो माणूस नीटनेटका असे, कामावर नियमित जाणारा असे, त्याने सांगितलेले कारण पटण्याजोगे असे आणि त्याची सही स्थिर असे. पहिले दोन-तीन हप्तेही तो वेळेवर भरत असे. थकबाकीची नोटीस घरी गेली की त्या घराला आणि आम्हाला एकाच दिवशी खरा प्रकार कळत असे. त्यामुळे वर्गाच्या पत्रकावर दारू, तंबाखू आणि गोळ्या यांच्याबरोबर ‘जुगार’ हा शब्द छापलेला पाहिला, तेव्हा मी त्याच दिवशी नाव नोंदवले. आपल्याकडे व्यसनमुक्तीची व्याख्याने पुष्कळ होतात, परंतु त्यांत जुगाराचा उल्लेख निघालाच तर तो शेवटच्या पाच मिनिटांत निघतो.

पहिला शनिवार मात्र वाया गेला, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्या दिवशी एका पाहुण्या वक्त्यांचे व्याख्यान ठेवले होते. त्यांनी कर्करोगाने खाल्लेल्या जबड्यांची छायाचित्रे दाखवली, नशेत घडलेल्या गुन्ह्यांच्या हकिकती सांगितल्या आणि अखेरीस मुलांना हात पुढे करायला लावून शपथ दिली. घरी परतताना शेजारच्या घरातील नववीतल्या मुलाने मला विचारले, “काकू, ती कुत्ता गोळी दिसते कशी? मेडिकलमध्ये मागितली तर देतात का?” त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः मालेगावच्या बातम्यांतून, झोपेच्या व मन शांत करणाऱ्या गोळ्यांचे हे बाजारातले नाव मोठ्यांच्या कानावर आलेले आहे. त्या मुलाला ते त्या सायंकाळपर्यंत ठाऊक नव्हते आणि व्याख्यानाने ते त्याला परिणामांसह शिकवले. अमली पदार्थ व गुन्हेविषयक संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने प्रतिबंधाची जी आंतरराष्ट्रीय मानके २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केली, त्यांत भीती घालणारी भाषणे, नुसती माहिती आणि एकेकाळच्या व्यसनी व्यक्तीचे शाळेतील कथन या पद्धतींचा उपयोग होत नाही, काही वेळा उलटाच परिणाम होतो, असे म्हटले आहे. हे संस्थेला ठाऊक होते. मी दुसऱ्या शनिवारी त्या मुलाचा प्रश्न वर्ग चालवणाऱ्या ताईंच्या कानावर घातला, तेव्हा त्यांनी ‘उद्घाटनाला पाहुणे लागतात, म्हणून हे झाले’ असे कोणतीही सारवासारव न करता मान्य केले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला, तरी चूक ती चूकच राहते. पुढील तुकडीत हा पहिला शनिवार त्यांनी काढून टाकावा असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

भीती घालण्याचा मोह का होतो, हे मी समजू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावातील औद्योगिक परिसरात मुंबई पोलिसांनी एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, तयार करणारा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा या शहरातील प्रत्येक आईने आपल्या मुलाच्या दप्तराकडे वेगळ्या नजरेने पाहिले असेल. परंतु आमच्या वस्तीत वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात, निनावी चिठ्ठ्यांवर ‘तुमच्या घराला आज कशाचा त्रास आहे’ असे विचारले असता, आलेल्या ४० चिठ्ठ्यांपैकी एकीवरही एमडीचे नाव नव्हते. दारू, मावा, मिश्री, मोबाइलवरील रमी, आकडा आणि उधारी हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते. ज्या बातमीने आपण हादरतो ती एक गोष्ट असते आणि ज्या सवयीला आपण सरावलेलो असतो ती दुसरी, हा फरक त्या चिठ्ठ्यांनी आमच्यापुढे मांडला, आणि संस्थेने पुढचे नऊ शनिवार त्या चिठ्ठ्यांनुसार आखले. या वर्गाविषयी माझे मत अनुकूल झाले ते या क्षणापासून.

वर्गाची रचना अशी होती की पहिला तास पालक एका खोलीत आणि दहा ते सोळा वयाची मुले दुसऱ्या खोलीत बसत, आणि दुसऱ्या तासाला दोघे एकत्र येत. पालकांच्या तासाला ‘मुलांना वळण कसे लावावे’ यावर प्रवचन झाले असते तर मी उठून गेले असते. प्रत्यक्षात आम्हाला छोटे प्रसंग दिले जात आणि ते करून पाहावे लागत. मुलगा रात्री साडेनऊला घरी आला आणि त्याच्या अंगाला सिगारेटचा वास येत आहे, अशा वेळी पहिले वाक्य काय बोलणार, असा एक प्रसंग होता. आमच्यापैकी बहुतेकांचे पहिले वाक्य शेजारी काय म्हणतील या अर्थाचे होते. तेच वाक्य समोर बसलेल्या बाईने मूल होऊन ऐकले आणि ती म्हणाली, “मला यातून एवढेच कळले की आईला माझ्यापेक्षा शेजाऱ्यांची काळजी आहे.” ती बाई माझीच जाऊ होती आणि वाक्य माझे होते. त्यानंतर तीन शनिवार आम्ही एकच गोष्ट शिकत होतो, ती म्हणजे नियम आधी सांगून ठेवणे, तो मोडला तर काय होईल तेही आधीच सांगणे, आणि मोडल्यावर तेवढेच करणे. पलीकडच्या खोलीत मुले मित्राला नकार कसा द्यावा याचा सराव करत होती, आणि त्यांनी स्वतः शोधलेली कारणे आम्ही सुचवलेल्या कारणांपेक्षा कितीतरी चांगली होती. “माझे बाबा रात्री माझ्याजवळ बसून जेवतात, त्यांना लगेच वास येतो” हे एका मुलीचे कारण सगळ्या मुलांनी उचलले. आमच्या घरांत वडील सेकंड शिफ्टला असले की जेवण वेगवेगळ्या वेळी होते. त्या एका वाक्यानंतर दोन घरांनी रविवारचे तरी जेवण एकत्र घ्यायला सुरुवात केली.

दारूवरचा शनिवार माहितीच्या दृष्टीने सर्वांत भरीव होता. द्राक्षबागा आणि वायनरी यांमुळे नाशिकमध्ये एक समजूत रुजलेली आहे की वाइन म्हणजे फळाचा रस, आणि बिअर म्हणजे उन्हाळ्याचे पेय. ताईंबरोबर वर्ग घेणाऱ्या दादांनी फळ्यावर हिशेब मांडला. ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १४ ग्रॅम. आणि ८ टक्के अल्कोहोलच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतके. ‘मी फक्त एक बिअर घेतो’ असे वर्षानुवर्षे सांगणारे एक गृहस्थ त्या फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कोणीही त्यांना काही बोलले नाही आणि त्यांनीही काही म्हटले नाही, परंतु चहाच्या वेळी त्यांनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला. या शिक्षणात दोष देणे नव्हते, त्यामुळे ते आत पोहोचले असे मला वाटते.

त्याच शनिवारी सांगितलेल्या दोन गोष्टी मी प्रत्येक बाईला सांगत असते, म्हणून येथेही लिहिते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू शपथ घालून किंवा कोंडून एका दिवसात बंद केली, तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. त्यामुळे अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी लागते. दुसरी गोष्ट, ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्यांविषयी होती. अशा पुडीत काय आहे हे सांगितलेले नसते, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल तर ते पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब घसरतो, छातीत धडधड होते, उलट्या होतात आणि हृदय किंवा यकृत दुबळे असलेल्या माणसाला त्यातून मोठा धोका संभवतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिले जाते. वर्गात हे ऐकून एक बाई रडू लागल्या. त्यांनी सहा महिने भाजीतून अशी पुडी घातली होती. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी त्यांना बाहेर नेले, त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. मला या संस्थेच्या कामाची खरी पत कळली ती त्या रविवारी.

आता जुगाराचा शनिवार, ज्यासाठी मी मुळात आले होते. खोलीच्या मध्यभागी एक मातीचा माठ ठेवलेला होता आणि त्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मुंबईत १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लावला जाणारा सट्टा पुढे अशाच माठातून चिठ्ठी काढून खेळला जाऊ लागला आणि त्यावरून त्याचे नाव मटका पडले, एवढी पूर्वपीठिका सांगून ताईंनी २४ जणांना प्रत्येकी २० चिंचोके वाटले. कोणत्याही एका आकड्यावर हवे तितके चिंचोके लावायचे, आकडा लागला तर एकाचे नऊ मिळणार. तीस फेऱ्या झाल्या तेव्हा १५ जणांच्या वाट्या रिकाम्या होत्या, सहा जणांकडे सुरुवातीपेक्षा कमी होते आणि तिघींकडे जास्त होते. मग ताईंनी विचारले की आजच्या खेळातले काय लक्षात राहिले. प्रत्येकाने त्या तिघींची नावे घेतली आणि एका बाईंना सलग दोनदा सात कसा लागला हे सांगितले. हरलेले चिंचोके ज्यात पडत होते तो ताईंचा डबा कितीने भरला हे कोणालाच सांगता आले नाही, कारण डब्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

त्यानंतरचे विवेचन इतके साधे होते की माझ्यासारख्या आयुष्यभर व्याजाचे हिशेब केलेल्या बाईला ते आपल्याला आधी का सुचले नाही याचे वाईट वाटले. आकडे दहा आहेत आणि मोबदला नऊ पट आहे, म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी दहा रुपये खेळवणाऱ्याकडे जातात. एका डावात ते जाणवत नाहीत, परंतु माणूस जितका जास्त वेळ खेळतो तितका तो दर त्याच्या खिशातून वसूल होत राहतो. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ सर्वांत घट्ट बसते, आणि आकडा थोडक्यात हुकला तर मेंदूला ती हार न वाटता ‘जवळ आलो’ असे वाटते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे. मी आजार हा शब्द जाणूनबुजून वापरते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनजन्य विकारांच्या गटात नोंदवलेला आहे. मोबाइलवरील खेळात हा सगळा प्रकार काही सेकंदांवर येतो. मटक्याच्या आकड्याला निदान संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागते, मोबाइलवर पुढचा डाव आधीच वाटलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे नियमन करणारा कायदा केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यांची जाहिरात करणाऱ्यांनाही शिक्षा आहे, आणि खेळणाऱ्याला मात्र या कायद्यान्वये शिक्षा नाही. हा शेवटचा भाग घराघरात पोहोचणे किती महत्त्वाचे आहे ते वर्गात दिसले. अनेक बायकांना वाटत होते की नवऱ्याच्या खेळण्याबद्दल कोणाला सांगितले तर पोलीस त्यालाच धरतील. बंदीनंतर मोठी ॲप बंद झाली असली तरी टेलिग्रामवरून येणाऱ्या परदेशी लिंका आणि गल्लीतला आकडा यांकडे माणसे वळली, हेही त्याच चर्चेत बाहेर आले.

ताईंनी मग दोन प्रश्न फळ्यावर लिहिले. अधिकाधिक पैसे लावावेसे तुम्हाला कधी वाटले आहे का? आणि तुम्ही किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का? जगभर जुगाराच्या समस्येची पहिली चाचपणी याच दोन प्रश्नांनी केली जाते, आणि एकाचेही उत्तर होय असेल तर पुढे नीट चौकशी करावी असे मानले जाते. मी ते प्रश्न वहीत उतरवून घेतले आणि त्या रात्री धाकट्या भावाला फोन केला. हे मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी घराच्या गिलाव्यासाठी म्हणून त्याने घेतलेल्या कर्जाला मी जामीन राहिले होते आणि ते कर्ज शेवटी माझ्या निवृत्तीच्या रकमेतून फिटले. गिलावा झालाच नव्हता. तेव्हापासून आमच्यात बोलणे होत होते ते फक्त सणावारी. मी त्याला रागाने काही विचारले नाही. ते दोन प्रश्न होते तसे वाचून दाखवले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “ताई, दोन्ही हो. आणि अजून एक कर्ज आहे.”

मी २६ वर्षे कर्जदारांना कारण विचारत आले, परंतु असे प्रश्न मला कोणी शिकवले नव्हते. पुढच्या शनिवारी वर्गात पैशांच्या व्यवस्थेवर तास झाला, आणि तो माझ्या मते या संपूर्ण वर्गाचा गाभा आहे. घरातल्या कोणाला जुगाराची ओढ असेल तर पगार दोघांच्या नावावरील खात्यात घ्यावा, युपीआयची दैनिक मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी, मोबाइलवरील झटपट कर्ज देणारी ॲप काढून टाकावीत, सोने आणि घराची कागदपत्रे लॉकरमध्ये हलवावीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे कर्ज परस्पर फेडून टाकू नये. कर्ज फेडले की त्याच्या दृष्टीने पाटी कोरी होते आणि खेळ नव्याने सुरू होतो. मी नेमके तेच केले होते. सर्व देणी एका कागदावर मांडून, त्याच्याच कमाईतून फेडीचे हप्ते ठरवून, उपचार सोबत चालू ठेवायचे असतात. भाऊ आता शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात जातो. जानेवारीपासून आजपर्यंत तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा त्याने स्वतः फोन करून सांगितले.

वस्तीचा नकाशा काढण्याच्या शनिवारांबद्दल थोडक्यात लिहिते. मोठ्या कागदावर आम्ही टपऱ्या, देशी दारूचे दुकान, पत्ते खेळण्याची जागा, अंधारे कोपरे, शिकवण्या आणि मैदान दाखवले. तंबाखूविषयक २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलांनी टेप घेऊन मोजले तेव्हा एक टपरी शाळेच्या फाटकापासून ६४ मीटरवर निघाली. आम्ही टपरीवाल्याशीच आधी बोललो, तो आमच्या वस्तीतलाच आहे, आणि त्याने टपरी हलवली नाही तरी तंबाखू, मावा व सिगारेट ठेवणे बंद करून वह्या-पेन आणि बिस्किटे ठेवली. मैदानावरचा बंद दिवा सुरू व्हायला अर्ज केल्यापासून सात आठवडे लागले. आइसलंडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले, आणि त्यात खेळांच्या सोयी, पालकांचे आपसातील करार व संध्याकाळची गस्त यांचा वाटा होता, असे दादांनी सांगितले. तेथील पैसा आणि आमच्या महापालिकेच्या शाळेचे मैदान यांची तुलना होणार नाही, परंतु दिवा लागल्यापासून रात्री आठपर्यंत तेथे कबड्डी चालते, एवढे मी माझ्या गच्चीवरून पाहते.

उणिवाही नोंदवायला हव्यात. पुरुषांची संख्या कधी सहाच्या वर गेली नाही. शनिवारी सायंकाळी सेकंड शिफ्ट कारखान्यात असते आणि फर्स्ट शिफ्टचे लोक थकून झोपलेले असतात. रविवारी सकाळी वर्ग घेतला असता तर निदान वडिलांपैकी निम्मे आले असते. पुस्तिका हिंदीवरून घाईने मराठीत आणलेली होती आणि तिच्यातील ‘जोखीम घटक’, ‘संरक्षक घटक’ हे शब्द समजावून सांगण्यातच वेळ जाई. मिश्री लावणाऱ्या बायकांसाठी, आणि त्या आमच्या वर्गातच निम्म्या होत्या, एकही स्वतंत्र तास नव्हता. बाई व्यसनी असू शकते हा विचार या वर्गाने मनावर घेतला नाही, हा माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर दोष आहे.

दुसरा दोष पुढच्या उपचारांबाबतचा. वर्ग प्रतिबंधाचा असला तरी ज्यांच्या घरात व्यसन आधीच आलेले आहे ती माणसे त्यात येणारच, आणि त्यांना कोठे पाठवायचे याची संस्थेकडील यादी नीट तपासलेली नव्हती. एका कुटुंबाने त्या यादीतील एका खासगी केंद्रात मुलाला दाखल केले. तेथे भेटू दिले जात नव्हते आणि मुलाच्या अंगावर माराचे वळ होते. त्यांनी त्याला तिसऱ्या आठवड्यात परत आणले. संस्थेने त्यानंतर ते नाव काढून टाकले. महाराष्ट्राला या विषयात चांगले उदाहरण पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने मारहाणीशिवाय, सन्मानाने उपचार कसे करता येतात हे दाखवलेले आहे. तेव्हा केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का, नातेवाइकांना भेटता येते का आणि रुग्णाची लेखी संमती घेतात का, हे विचारल्यावाचून कोणालाही दाखल करू नये. एम्सच्या २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळालेले असतात. त्या एकालाही चुकीच्या दारात पाठवले तर पुढचे ३७ जण येणारच नाहीत. वर्गात दिलेले १४४४६ आणि १४४१६ हे व्यसनमुक्तीचे व मानसिक आरोग्याचे सरकारी मदत क्रमांक विनामूल्य आहेत. भावासाठी मी १४४१६ वर बोलले तेव्हा पलीकडील बाईंनी मराठीत शांतपणे ऐकून घेतले होते.

ज्यांच्या घरात आज काहीच बिघडलेले नाही आणि मुले दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. त्यांच्यासाठीच तो बेतलेला आहे. ज्यांच्या घरी जुगाराचा नुसता संशय आहे, त्यांनी जुगाराचा आणि पैशांचा असे दोन शनिवार तरी चुकवू नयेत. ज्यांच्याकडे माणूस रोज पितो आहे, त्यांनी वर्गाची वाट न पाहता आधी डॉक्टर गाठावा. शुल्काबाबत तक्रार करण्यासारखे काही नाही. पुढची तुकडी रविवारी सकाळी घेण्याचे संस्थेने कबूल केले आहे, आणि मिश्रीवरचा तास मी व माझ्या जावेने मिळून घ्यावा असे त्यांनी सुचवले आहे. जाऊबाई एकोणीस वर्षे मिश्री लावत होत्या. त्यांना सोडून आता चार महिने झाले आहेत, आणि पहिल्या दोन आठवड्यांत काय होते ते त्या स्वतः सांगणार आहेत.